साधं सिरम

६ जानेवारी

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत राग लिहायला रकाना नसतो. उंदराचं वजन, पिंजऱ्याचा क्रमांक, तारीख, सही. बाकीचं पोटात ठेवायचं. अकरा वर्षं ठेवलं. आज पोट भरलं, म्हणून ही वही.

परवाना समितीचं पत्र आलं. आमची लस माणसांवर तपासू द्यायची की नाही, हे ती समिती ठरवणार. पहिली दोन पानं नुसती साखर. तिसऱ्यावर खडा: "उंदरांचा आणखी एक गट करून पाहावा."

आमची बुरशी हवेतच असते. तुम्ही-आम्ही ती रोज श्वासातून आत घेतो आणि काही होत नाही. पण औषधांनी ज्यांची प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागते, त्यांच्या फुप्फुसात ती बस्तान मांडते, आणि मग माणूस पंधरा दिवसांत जातो. समोरच्या रुग्णालयात दर महिन्याला दोन-तीन जातात. त्यांच्यासाठी माझी लस.

मी तीनदा सिद्ध करून दाखवलंय. जन्मतः अँटीबॉडी बनवता न येणारे उंदीर घ्यायचे आणि त्यांना बुरशी द्यायची. अर्ध्यांना लस टोचलेल्या उंदरांचं सिरम, म्हणजे रक्तातलं अँटीबॉडीवालं पाणी. अर्ध्यांना नुसतं खारं पाणी. सिरमवाले जगतात, खाऱ्या पाण्यावाले मरतात. आता समिती म्हणते, तिसऱ्या गटाला लस न टोचलेल्या उंदरांचं सिरम द्या. साधं सिरम. ज्याने बुरशीचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या रक्तात तिच्याविरुद्ध काय असणार? माती!

आणि हाच शहाणपणा दोन वर्षांपूर्वी भर बैठकीत कोणी पाजळला होता? धाकटीने.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमच्या संस्थेच्या प्राणिगृहाची पशुवैद्य. घरी एक मजला खाली, कामावर दोन मजले खाली, म्हणजे सुटका कुठेच नाही. आठ वर्षांपूर्वी तिची निवड होताना "नात्यातली व्यक्ती नको, शिवाय अनुभव कमी" असं मी लेखी दिलं होतं. तरी घेतली. तिला ते माहीत नाही. माहीत असतं तर एव्हाना गावभर झालं असतं.

९ जानेवारी

प्राणिगृहात गेले. तिसरा गट करायचाय, असं सांगितलं. कामावर ती मला मॅडम म्हणते. त्या 'मॅडम'मध्ये मीठ कालवलेलं असतं.

"बारा-बाराचे तीन गट लागतील मॅडम. साध्या सिरमचा करायचं ठरलं शेवटी?"

"समितीने ठरवलं."

"चांगलंय. मला वाटतं, तो गटही बराचसा जगेल."

"कशावरून?"

"आपले पिंजऱ्यातले साधे उंदीर कुठे मरतात बुरशीने? त्यांना कोणी लस टोचलीय?"

मी म्हटलं, तुम्ही खाण्या-पिण्याचं आणि पिंजऱ्यांचं बघा. ती 'बरं' म्हणाली आणि उंदराची शेपटी धरून वजनकाट्यावर ठेवायला लागली. हात इतके हलके की उंदीर चीसुद्धा करत नाही. त्याचाच तोरा.

१४ जानेवारी

सिरमच्या नळ्या मी भरल्या. लाल बूच लसवालं, निळं साधं, पांढरं खारं पाणी. सुया धाकटीने दिल्या. प्राणिगृहात सुई फक्त पशुवैद्याने द्यायची असा नियम आहे. कोणी केला? तिनेच.

सासूबाई आज दुपारभर खालीच होत्या. जेवायला वर येतात, बसायला खाली जातात. खालच्या सोफ्यावर ऊन येतं म्हणून.

२ फेब्रुवारी

आकडे आले.

खारं पाणी: बारापैकी अकरा मेले. लसवालं सिरम: बारापैकी दहा जगले. साधं सिरम: बारापैकी नऊ जगले.

नऊ!

दहा आणि नऊ. म्हणजे माझ्या लसीची किंमत एक उंदीर.

मी दोनदा मोजले. धाकटी मागे उभी होती. "मोजून झालं का मॅडम?" म्हणाली. चेहरा ढिम्म. आतून उकळ्या फुटत असणार.

३ फेब्रुवारी

झोप नाही, पण डोकं साफ आहे. सरळ विचार केला. जे घडू शकत नाही ते घडलं. सुया कोणी दिल्या? तिने. असंच होणार हे आधी कोण म्हणालं? ती. निळ्या बुचाऐवजी लाल बुचातलं द्यायला कितीसा वेळ लागतो?

नवऱ्याला सांगितलं. तो बूट पुसत होता. बराच वेळ एकच बूट पुसत राहिला.

"तुला खात्री आहे?" म्हणाला.

"शंभर टक्के."

मग दुसरा बूट घेतला. म्हणजे त्यालाही पटलं.

५ फेब्रुवारी

तक्रार दिली. एक पान. "निष्काळजीपणा" असं आधी लिहिलं होतं. मग खोडून "हेतुपुरस्सर अदलाबदल" लिहिलं. सरांनी, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी, चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"जाऊ ना तुमची?"

"कामावर नाती नसतात सर."

चौकशी समिती बसणार. तोवर तिला प्राणिगृहात पाऊल टाकायला बंदी. भांडारात हातमोज्यांची खोकी मोजायला बसवलीय. बरं झालं, पायरी कळेल.

६ फेब्रुवारी

संध्याकाळी तिने जिन्यात गाठलंच. ती भाजी घेऊन वर येत होती, मी उतरत होते. तिने वाट सोडली नाही.

"वहिनी, 'हेतुपुरस्सर' हा शब्द तुमचा, की कोणी सुचवला?"

"माझा."

"बरं. विचारून घेतलं. नाहीतर उगाच दुसऱ्या कोणावर राग धरला असता."

एवढंच, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

११ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज आपली उशी, औषधांचा डबा आणि चष्म्याची दोन घरं पिशवीत भरली. म्हणाल्या, गुडघे दुखतात, जिना नको, थोडे दिवस खालीच राहते.

मी म्हटलं, "आई, एकच मजला जास्त आहे."

"तोच चढवत नाही आता," म्हणाल्या.

कान भरलेत, दुसरं काय.

१६ फेब्रुवारी

प्रयोग पुन्हा करतेय. एकटीने. सरांकडून सुया द्यायची खास परवानगी काढली. नवीन उंदीर, नवीन सिरम, प्राणिगृहाची किल्ली माझ्या पर्समध्ये. एका उंदराने बोट फोडलं. दुसरा हातातून सुटून कपाटामागे गेला, तो काढायला अर्धा तास. छत्तीस सुयांना सबंध दिवस गेला. ती हे दोन तासांत कशी करते कोण जाणे. रोजचीच सवय, त्यात काय.

६ मार्च

खारं पाणी: बाराही मेले. लसवालं: दहा जगले. साधं: दहा जगले.

किल्ली पर्समध्येच होती.

७ मार्च

काही नाही लिहायला.

९ मार्च

ज्या साध्या उंदरांचं सिरम घेतलं त्यांना आधीच कुठून तरी बुरशी लागून गेली असणार, म्हणून त्यांच्यात अँटीबॉडी तयार झाल्या. प्राणिगृह अस्वच्छ. म्हणजे दोष पुन्हा तिचाच. हे सुचलं आणि तीन दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या संस्थेतून जंतुमुक्त कक्षातले उंदीर मागवलेत. जन्मापासून निर्जंतुक खाणं, निर्जंतुक पाणी, गाळलेली हवा. त्यांना बुरशी काय, कुठलाच जंतू माहीत नाही. त्यांच्या सिरमने कोण वाचतो ते बघूच.

४ एप्रिल

आठ वाचले. बारातले आठ.

ज्यांनी आयुष्यात एक जंतू पाहिला नाही, त्यांच्या रक्ताने आठ वाचवले. आता कोणाला दोष देऊ?

५ एप्रिल

रविवार. तरी कामावर गेले. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. अकरा वर्षांच्या नोंदवह्या काढून बसले.

अँटीबॉडी मोजताना यंत्र आधी साध्या सिरमचा आकडा दाखवतं. तो शून्य कधीच नसतो. त्याला आम्ही 'पार्श्वभूमी' म्हणतो. लसवाल्या आकड्यातून तो वजा करायचा आणि उरेल ते लिहायचं. मला हे शिकवलं तसं मी सगळ्यांना शिकवलं. पानापानावर माझ्या हाताने वजा केलेला आकडा आहे.

तेच होतं. जन्मजात अँटीबॉडी. कोणी न शिकवता रक्तात येणाऱ्या. पुस्तकात त्यांच्यावर एक परिच्छेद असतो, मीही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्या एका शत्रूसाठी घडवलेल्या नसतात. बुरशीच्या कवचावरची साखर कुठल्याही बुरशीवर थोडीफार सारखीच असते, तिला जाऊन चिकटतात. पकड सैल, पण एकेकीला दहा-दहा हात. त्या चिकटल्या की फुप्फुसातल्या पेशींना बुरशी दिसते आणि त्या तिला गिळायला धावतात.

अकरा वर्षं मी ते कचरा म्हणून वजा करत होते.

२९ एप्रिल

शेवटची शंका फेडून घेतली. साध्या सिरममधून फक्त त्या दहा हातांच्या अँटीबॉडी काढून टाकल्या: बारातले दहा मेले. त्याच परत घातल्या: नऊ जगले.

संपलं.

रुग्णालयातले फुप्फुसांचे डॉक्टर दर महिन्याला रुग्णांच्या रक्ताचे नमुने पाठवतात, ते सगळे गारठवून ठेवलेत. गेल्या वर्षभरातले चाळीस काढले. ज्यांच्यात या अँटीबॉडी जवळजवळ नव्हत्या, त्यांच्या नावांपुढे डॉक्टरांनी लाल शाईत फुली केलेली, म्हणजे ते गेले. प्रत्येकापुढे नाही. पण बहुतेकांपुढे. औषधांनी त्यांचं नेमकं हेच पुसून टाकलं होतं. आणि ज्यांच्या शरीराला नवीन अँटीबॉडी बनवताच येत नाहीत, त्यांना मी लस टोचायला निघाले होते.

३० एप्रिल

सरांच्या खोलीत सगळे आकडे ठेवले. ते कागद चाळत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"मग असं बघा," सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "जानेवारीच्या प्रयोगात अदलाबदल झाली, अशी तुमची तक्रार आहे. परवा चौकशी. अदलाबदल झाली असं ठरलं की तो प्रयोग बाद. तुमचे पुढचे प्रयोग समितीने मागितलेलेच नाहीत. तिसऱ्या गटाचं काय ते मी समितीशी बोलतो. लस पुढे जाईल."

"आणि तिचं?"

"ताकीद मिळेल. फार तर बदली. जीव जात नाही कोणाचा."

मी म्हटलं, विचार करते.

खरं लिहायचं तर विचार केला. सबंध संध्याकाळ केला. अकरा वर्षं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ती, जी मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहते. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू मला विचारतेयस की सांगतेयस?" मी म्हटलं, विचारतेय. "मग तीन महिने उशीर झाला," म्हणाला आणि उठून आईला औषध द्यायला खाली गेला. मला वाटत होतं हा माझ्या बाजूने आहे.

२ मे

चौकशी. लांब टेबल, सर मध्ये, दोन्हीकडे दोन सदस्य. धाकटी माझ्या समोर. तिच्यापुढे एक जाडजूड रजिस्टर.

सरांनी तक्रार वाचून दाखवली. 'हेतुपुरस्सर'पाशी ती माझ्याकडे बघत होती. आधी तिला बोलायला दिलं.

ती उभी राहिली नाही. रजिस्टर उघडलं आणि वाचायला लागली. चौदा जानेवारी, दहा वाजून पाच मिनिटं, पिंजरा एक, उंदीर पहिला, निळं बूच, रिकाम्या नळीचं वजन अमुक. दहा सात, उंदीर दुसरा, निळं बूच. प्रत्येक सुईची वेळ, प्रत्येक नळीचं वापरण्याआधीचं आणि नंतरचं वजन, छत्तीसच्या छत्तीस. लाल नळीतला एक थेंबही जास्त गेलेला नव्हता.

एका सदस्याने विचारलं, "हे तुम्ही आधीच का दाखवलं नाही?"

"मला कोणी विचारलं नाही. थेट भांडारात बसवलं." मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "मॅडम, माझ्या निवडीच्या वेळी तुम्ही माझ्याविरुद्ध लेखी दिलं होतं. तो कागद मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या फायलीत दिसला. आठ वर्षं मी घरात चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून प्रत्येक नळी वजन करून वापरते. असा दिवस येणार हे मला माहीत होतं."

माझ्या कानातून वाफा निघत होत्या. राग कसला होता ते सांगता येत नाही. तिचाच असावा.

सर म्हणाले, "वजनाच्या नोंदी मागाहूनही करता येतात. मॅडम, तुमचं म्हणणं काय?"

त्यांनी मला वाट मोकळी करून दिली होती. 'तसंच वाटतं' एवढे दोन शब्द पुरले असते. ते जिभेवर होते.

मी म्हटलं, "तक्रार खोटी आहे."

"म्हणजे गैरसमज..."

"खोटी. पुरावा नसताना केली. मी स्वतःच्या हाताने तोच प्रयोग केला आणि तेच आकडे आले. सहा मार्चला. त्यानंतर दोन महिने मी गप्प राहिले. पुढचे सगळे आकडे यात आहेत." फाईल टेबलावर सरकवली. ती सरांसमोरून घसरत शेवटच्या सदस्यापर्यंत गेली. त्याने उघडली. आता ती बंद करणं कोणाच्या हातात नव्हतं.

"यांनी दोन वर्षांपूर्वी हा गट करायला सांगितला होता," मी म्हटलं. "ते बैठकीच्या इतिवृत्तात आहे. तेव्हा मी यांना पिंजरे बघा म्हटलं होतं."

धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. रजिस्टरचं पान मुडपलं होतं, ते सरळ करत होती.

८ मे

निकाल: तिच्यावरचा आरोप मागे. लसीचं काम थांबवलं. परवाना समितीला खरे आकडे गेले. मला लेखी ताकीद, आणि विभागाची जबाबदारी सहा महिन्यांसाठी काढून घेतली. सर जिन्यात भेटले तर बाजूने निघून जातात. फुप्फुसांच्या डॉक्टरांचा मात्र फोन आला. रुग्ण दाखल झाल्याझाल्या या अँटीबॉडी मोजून द्याल का, ज्यांच्यात कमी असतील त्यांच्यावर आधीपासून लक्ष ठेवतो, म्हणाले. हो म्हटलं. सोमवारी पहिले पाच नमुने येतील.

९ मे

खाली गेले. तक्रार दिल्यापासून पहिल्यांदा. दार दिराने उघडलं. "वहिनी, ती घरी आहे," म्हणाला, पण आत या म्हणाला नाही. सासूबाई सोफ्यावर होत्या. ऊन नव्हतंच. तिथे ऊन येतच नाही, समोरची इमारत आडवी येते. इतकी वर्षं मला काय वाटत होतं कुणास ठाऊक.

धाकटी हात पुसत बाहेर आली.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली.

सासूबाईंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग मी वर आले.

२० मे

धाकटीला दुसऱ्या संस्थेत नोकरी मिळालीय. एक तारखेपासून जाणार. घरही तिकडे बघतायत. सासूबाईंचं अजून ठरलेलं नाही, असं नवरा म्हणतो. ठरलेलं आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

त्याआधी शोधनिबंध दोघींनी मिळून लिहून द्यायचा, असा संस्थेचा आदेश. रोज अकरा ते एक, वाचनालयातलं कोपऱ्यातलं टेबल.

२२ मे

पहिल्या वाक्यावरच दोन तास गेले. मी लिहिलं, "अनपेक्षितपणे असं आढळलं." तिने 'अनपेक्षितपणे' खोडलं. "कोणाला अनपेक्षित?" म्हणाली.

मी चिडून म्हटलं, "सगळ्या जगाला माहीत होतं का मग?"

"जगाचं सोडा. लेखकांपैकी एकीला माहीत होतं."

खोडलेलं तसंच ठेवलं.

२७ मे

आज मी एक मूर्खपणा केला. तिने नळ्यांच्या वजनांचा तक्ता इतका देखणा बांधला होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "अशी माणसं मला अकरा वर्षांत मिळाली नाहीत."

तिने पेन खाली ठेवलं. वाचनालयात आम्ही दोघीच होतो, तरी आवाज अगदी हळू केला.

"मी आठ वर्षं दोन मजले खाली होते, वहिनी. तुम्ही आता चांगलं बोलायला लागलात, म्हणून मी विरघळणार नाही. भांडारात माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईने तीन महिने तिच्या कपाटाला कुलूप लावलं, मी काही अदलाबदल करीन म्हणून. तुमच्या एका शब्दामुळे. चौकशीत तुम्ही खरं बोललात, ते मी मान्य करते. पण माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही."

मला बोलायचं होतं. किती तरी बोलायचं होतं. तिने हात वर केला.

"साध्या सिरमचे, सहा मार्चचे," ती म्हणाली. "आकडे सांगा."

"बारापैकी दहा जगले."

तिने लिहिले. "कोणत्या दिवसापर्यंत?"

"अठराव्या."

"पुढचा गट."

मी वाचत राहिले आणि ती लिहीत राहिली. एक वाजून गेला तरी दोघींपैकी कोणी उठलं नाही.